साल नाही, खूण नाही, म्हणून कोलकाता?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. साल नसलेलं नाणं म्हणजे टांकसाळीची चूक, सालाखाली टांकसाळीची खूणही नसेल तर ते कोलकात्याच्या टांकसाळीचं, आणि अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात. तिन्ही वाक्यांत गडबड आहे. मधलं सगळ्यात पटण्यासारखं वाटतं, म्हणून आधी तेच घेतो.

मुंबईची खूण शंकरपाळ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब, आणि कोलकात्याची खूणच नाही. हे खरं आहे. पण खूण असते कुठे? सालाच्या खाली. ठसा सरकून साल चकतीबाहेर गेलं, तर खूणही त्याच्यासोबत गेली. दाखल्याचा खालचा कोपरा फाटलाय आणि आपण म्हणतोय, साहेबांनी सहीच केली नव्हती! वर 1985 साली आपली काही नाणी ब्रिटनमध्येही पाडून घेतली होती, हे त्या मजकुराच्या गावीही नाही.

मग काहीच कळत नाही का? कळतं, पण तराजूवर. मावसभावाने परवा एक रुपया आणला. खालचा भाग चंद्रकोरीसारखा कोरा, वर रुपयाचं नवं चिन्ह अर्धवट. तो पट्टी लावून व्यास मोजायला लागला, त्याला थांबवलं. ठसा मारताना चकती कड्यात नीट बसली नसेल तर ती पसरते, तिचा व्यास फसवतो. वजन सहसा फसवत नाही. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा, 2011 च्या मालिकेतला 3.79 चा, 2019 च्या मालिकेतला 3.09 चा. सोनाराच्या काट्यावर याचं वजन भरलं 3.8. म्हणजे मधली मालिका. नेमकं साल मात्र यातून निघत नाही.

दोन रुपयांच्या नाण्याला लोहचुंबक लावा. 1992 नंतरचं अकरा कोनी नाणं तांबं-निकेलचं, ते चिकटत नाही. 2005 पासूनचं स्टीलचं चिकटतं. कधी चित्रच साल सांगून जातं. दोन रुपयांवर शिवाजी महाराज दिसले तर 1999, संत तुकाराम दिसले तर 2002. टांकसाळ तरीही गुलदस्त्यातच.

आता पहिलं वाक्य. साल नसण्याची कारणं अनेक. ठशाच्या खाचेत वंगण-धूळ साचली तर तेवढे आकडे उमटत नाहीत, पण बाकीची अक्षरं ठसठशीत असतात आणि वजन पूर्ण भरतं. ही खरी चूक. नाणं झिजलं असेल तर सिंहांची आयाळही गुळगुळीत झालेली असते. आणि कुणी कानस मारली असेल तर भिंगाखाली एका दिशेचे ओरखडे दिसतात. बाजारात हा तिसरा प्रकार कमी नाही.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला, तर हा नियम लावूच नये. तिच्यावर सहसा साल घालत नसत. ठसा बहुतेक वेळा चकतीहून मोठा असायचा, त्यामुळे 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' यातली अक्षरं कापली जायची. ती चूक नाही, हाताने नाणं पाडण्याची रीतच तशी. शिवाय शिवराई महाराजांनंतर पेशवाईतही पडत राहिली, त्यामुळे नाव वाचून 1674 सांगणं म्हणजे शुद्ध हौस.

लाखांबद्दल फार लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा वापर करून जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत फसवणूक होतेय, असा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच दिला होता. आधी 'नोंदणी शुल्क' मागितलं की फोन ठेवून द्या.

मावसभावाच्या नाण्याच्या पाकिटावर मी लिहून दिलं: 'एक रुपया, 2011 ची मालिका, ठसा सरकलेला, टांकसाळ अज्ञात.' 'अज्ञात' त्याला अजून पटलेलं नाही.