बटण दाबा, काका!

पन्नाशी ओलांडलेल्या कोकणी माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते: भावकीतला दावा आणि डोळ्यांची ‘फील्ड टेस्ट’. दाव्यात निदान वकील तरी बरोबर असतो.

आमच्या घराण्यात काचबिंदू आहे. त्यामुळे रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ‘सगळंच करून घेऊ’ म्हटलं. आधी डोळ्यातलं प्रेशर. यंत्राने बुबुळावर फस्सकन हवा मारली, मी खुर्चीसकट मागे. आकडा आला 18. साधारण 10 ते 21 ठीक समजतात, पण प्रेशर ठीक असूनही काचबिंदू होऊ शकतो म्हणे. म्हणजे सुटका नाहीच.

मग ती फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर किती शाबूत आहे याची परीक्षा. अंधारी खोली. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, समोर पांढरा घुमट, हातात बटण.

“काका, मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं. कडेला ठिपका चमकला की बटण दाबा. शोधायचं नाही.”

आता कडेच्या नजरेत आमचा हात कोण धरणार? शेजाऱ्याकडे कोण पाहुणा उतरला, हे आम्ही पेपरातून मान वर न करता सांगतो. पण हे यंत्र बेरकी. ठिपका दिसला की पुढचा आणखी मंद, तोही दिसला तर त्याहून मंद, पार दिसेनासा होईपर्यंत. ठणठणीत डोळ्यालाही साधारण निम्मे ठिपके दिसत नाहीत, आणि हे आधी कोणी सांगेल तर शपथ! मधूनच ते नुसता आवाज करतं, ठिपका दाखवतच नाही. दाबलंत बटण, की झालात खोटारडे. शिवाय डोळ्याची नस जिथून बाहेर पडते, तिथे प्रत्येकालाच एक आंधळी जागा असते. मुद्दाम त्या जागी ठिपका टाकतात. तो दिसला तर शाबासकी नाही. उलट तुमची नजर भटकली, हे सिद्ध!

“पापणी लववली तर चालेल का हो?” मी पाणावल्या डोळ्याने विचारलं.

“लववा की! कोण नको म्हणालं?”

शेवटी पडदा तपासायला थेंब घातले. बाहुल्या टपोऱ्या झाल्या, जवळचं सगळं धूसर, आणि बाहेर उन्हाचा भडका. त्यात आमची ही म्हणाली, “आलोच आहोत, तर मिरकरवाड्यावरून मासळी घेऊन जाऊ.” घरात मासळीची पारख माझ्याकडे. मी सुरमईवर इतका वाकलो, की नाकाला बर्फ लागला.

“डोळे बघा ना दादा, कसे चकाकतायत!” मासेवाली म्हणाली. मी मान वर केली. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हिला म्हणाली,

“वहिनी, सुरमई ताजी आहे हो. दादांचं काही खरं दिसत नाही.”