सह्यांची वही घरी आणू नका

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ज्वारीची काढणी चाललेली. मी गोठ्यात होते. चौथीतला एक पोरगा पळत आला, "काकी, सरांनी सही मागितलीय." मी हात धुतले, पदराला पुसले आणि वहीवर सही केली. रोजच्यासारखी. शाळा व्यवस्थापन समितीवर नाव लागल्यापासून अशा पाच-सहा सह्या मी गोठ्यातच केल्या असतील.

त्या दिवशी मात्र सहीच्या वरची ओळ वाचली. "सर्व सदस्यांनी सविस्तर चर्चा करून खालील ठराव एकमताने मंजूर केला." ठराव होता शाळेच्या भिंती रंगवण्याचा. आणि सूचक म्हणून माझं नाव होतं. ज्या सभेला मी गेले नाही, तिथं मी ठराव मांडला होता!

दुसऱ्या दिवशी तडक शाळेत गेले. राग घेऊनच गेले होते. सर म्हणाले, "ताई, तीनदा निरोप धाडला. पहिल्यांदा दोघं आली, दुसऱ्यांदा एकजण, तिसऱ्यांदा मी आणि मॅडमच बसून राहिलो. पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची नाही पडले तर परत जातात. मी काय करू?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. सर सरळ माणूस आहे, एका रुपयाचा घोळ नाही. पावत्या समोर ठेवल्या. खोट त्यांच्यात नव्हती. निरोप मलाही आला होता आणि मी काढणीला गेले होते.

आमची शाळा कोरेगाव तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी. दोन खोल्या, दोन शिक्षक, पट २७. पट ३० पर्यंत असला की समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला १० हजार रुपये येतात. खडू, दुरुस्ती, झाडू, सगळं त्यातच. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. त्या वर्षीचे बरेचसे पैसे रंगात गेले. भिंतीवर झाड काढलं, अक्षरं काढली, छानच दिसतंय. पण मुलींच्या मुतारीच्या दाराला कडी नव्हती. माझी पोरगी तिसरीत. रोज शाळा सुटली की दप्तर उंबऱ्यातच टाकून आधी मोरीत पळायची. मला वाटायचं, खेळाच्या नादात राहत असेल. मार्चमध्ये खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, दार लागत न्हाय. पोरं ढकलत्यात."

सरांना हे ठाऊक नव्हतं. मॅडम नव्यानं आलेल्या. पोरी सरांना सांगणार कशा? सांगणार आईला. आणि आई सभेला नव्हती, आईची फक्त सही होती.

कडीला साठ रुपये लागले. स्क्रूसकट.

म्हणून आज हे लिहितेय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असावा आणि निम्म्या बायका असाव्यात. पूर्वी मला वाटायचं, सरपंचपदाला आरक्षण असतं तसंच हे एक. आता कळतं निम्म्या बायका कशाला पाहिजेत. आमच्या समितीत बारा जण आहेत, त्यातले नऊ पालक, सहा बायका. कागदावर चोख. प्रत्यक्षात पहिल्या सभेला बायकांच्या नावावर त्यांचे मालकच आले होते, आणि ज्या दोघी स्वतः आल्या त्या भिंतीकडेला चटईवर बसल्या. त्यातली एक मी.

सभेची वेळ असायची दुपारी तीन. मला सांगा, दुपारी तीनला आमच्यातली कोण घरी असते? सोयाबीनची भांगलण असो, आल्याची लावण असो, घेवड्याची तोडणी असो, तीन वाजता बाई रानात. पाचनंतर घ्यावी तर सर-मॅडम साताऱ्याहून येऊन-जाऊन करतात, त्यांची गाडी निघायची वेळ. महिनाभर यावरच अडलं. शेवटी शनिवार निघाला. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटायच्या वेळी अकराला सभा. जी बाई रोजानं जाते तिचा अर्धा रोज बुडतो, हे खरंच आहे. त्याची भरपाई कुठल्या कायद्यात नाही.

यावर तोड आमच्याच एका जाऊबाईनं काढली. ती समितीत नाही, शाळाही सातवीपर्यंतच शिकलेली. म्हणाली, "आगं, पैरा करू की."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात भांगलायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. पैसे नाहीत, हिशेब डोक्यात. मजूर मिळेनासे झाल्यापासून आमची निम्मी शेती पैऱ्यावर चाललीय. जाऊबाईचं म्हणणं असं, की शाळेचा दिवस पण पैऱ्यात धरायचा. जिची पाळी शाळेची, तिचा पैरा बाकीच्या फेडतील. जूनपासून तसंच केलं. आठवड्यातून तीन दिवस, बारा ते दीड, एक बाई शाळेत. खिचडीच्या आधी अर्धा तास आणि नंतर थोडा वेळ. बस, इतकंच.

आधी आम्हाला कळेना की तिथं जाऊन करायचं काय. मी पहिल्या पाळीला गेले तर कोपऱ्यात नुसती उभी. मग जेवणापासून सुरुवात झाली. पहिली ते पाचवीच्या पोराला दुपारच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, डोई १०० ग्रॅम तांदूळ, असा नियम आहे. वाढायच्या आधी चव घेऊन वहीत नोंद करायची असते. त्या वहीत रोज "चव चांगली" लिहिलेलं. आम्ही खरोखर चव घेतली. खिचडी बेचव नव्हती, पण डाळ मागं राहत होती आणि पोरं ती ताटात ठेवून भात खात होती. स्वयंपाक करणाऱ्या मावशी एकट्या, २७ जणांचं करून भांडीही त्याच घासणार. एकीनं सुचवलं, डाळ आदल्या रात्री भिजवा, मी माझ्या घरी भिजत घालून सकाळी पाठवते. तिथून फरक पडला. परसबागेत शेवगा, कोथिंबीर, मेथी लावली. परसबाग आधीही होती, पण सुट्टीत पाणी कोण घालणार म्हणून वाळायची. आता जिची पाळी ती जाता-येता दोन बादल्या ओतते.

एक दिवस विसरता येत नाही. मॅडम प्रशिक्षणाला गेलेल्या, सर एकटे, चार वर्ग समोर. त्या दिवशी पाळी होती एका आजीची, म्हणजे सुनेच्या बदल्यात सासू आलेली. वय सत्तरीचं, अक्षरओळख नाही. सर चौथीला अपूर्णांक शिकवत होते आणि मधेच पहिलीतला एकजण रडायला लागला म्हणून तिकडं गेले. फळ्यावर पाव, अर्धा, पाऊण लिहिलेलं. आजीनं एका पोराला विचारलं, "काय चाललंय?" तो म्हणाला, "पाव म्हंजे काय ते न्हाय कळंना." आजी उठली, घरी गेली आणि पिशवीत मापं घेऊन आली. चिपटं, मापटं, शेर आणि पायली. स्वयंपाकखोलीतला तांदूळ घेतला. दोन चिपटी ओतली, मापटं भरलं. दोन मापटी ओतली, शेर भरला. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मग विचारलं, "शेरात चिपटी किती?" पोरं ओरडली, "चार!" "मग एक चिपटं म्हंजी शेराचा?" "पाव!" सर दारात उभे राहून बघत होते. त्यांनी फळ्यावर चिपट्याच्या नावापुढं एक छेद चार लिहिलं. पुढचा तासभर चौघं-पाचजण नुसतं ओतत होते, भरत होते. पोरांना पाव कळला, आणि आजी घरी गेली ती अंगणभर सांगत, "शाळेत मला गुरुजींनी खुर्ची दिली."

देणगीबद्दलही बोलायचंय, आणि कुणाचं मन दुखवायचं नाही. आमच्या गावचं निम्मं घर मुंबईला. माथाडीत, मार्केटात, गिरणीत गेलेल्यांची पुढची पिढी. मुंबईकर मंडळी यात्रेला येतात, वर्गणी देतात, देवळाचं काम करतात, शाळेलाही त्यांनी मोठा टीव्ही दिला. उपकार आहेत त्यांचे. पण टीव्ही दिला त्या दिवशी साठ माणसं होती, फोटो होते, नारळ होता. त्यानंतर तो चालू आहे की बंद, हे विचारायला वर्षभर कुणी फिरकलं नाही. या जिल्ह्याला शाळेसाठी हात सैल सोडायची सवय जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. आणि मुष्टिफंड होता, घराघरातून मूठभर धान्य. मला त्या मुठीचं मोठं वाटतं. दळायला बसलेल्या बाईनं एक मूठ बाजूला काढली, की त्या दिवसापुरती तरी शाळा तिच्या मनात आली असणार. एकदा पावती फाडली की शाळा वर्षभर आठवत नाही.

२०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपात, म्हणजे गावोगावच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, आपल्याच तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. तेव्हा सगळीकडं बायका पाटी-फावडं घेऊन उतरल्या होत्या, आमच्याही गावातल्या काहीजणी बघायला गेल्या आणि आल्यावर बांधबंदिस्तीला लागल्या. उन्हात दगड उचलणारी बाई शाळेत जाऊन डाळ चाखायला का लाजते? कारण शाळा म्हणजे मास्तरांचं घर, आपण दारापर्यंत जायचं, हे आपल्या आयांनी शिकवलंय. नायगावात, आपल्याच जिल्ह्यात, ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई जन्मल्या. त्यांच्या जयंतीला आमची पोरं भाषणं करतात, आम्ही दाराबाहेरून ऐकायचो. यंदा चटई अंथरून आत बसलो.

आता गावात जे बोललं जातं ते. "मास्तरला पगार मिळतो, तुम्ही कशाला फुकट राबताय?" हा प्रश्न माझ्या घरातच विचारला गेला. शिकवणं त्यांचंच काम आहे, ते आम्ही करत नाही आणि करणारही नाही. आमच्या पैऱ्यामुळं सरकारनं एक शिक्षक कमी करावा, असं कुणाच्या डोक्यात असेल तर त्याला माझा ठाम विरोध आहे. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हे कायद्यात आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये हेही त्याच कायद्यात आहे. तरी रोज मोबाइलवर कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरायची असतेच, पोरं समोर बसलेली असताना. ऑगस्टमध्ये दोन्ही शिक्षकांना एकाच दिवशी प्रशिक्षणाला बोलावलं, तेव्हा आम्ही समितीचा ठराव करून वर पाठवला. या खेपेला सूचक खरोखर मी होते. दोन महिने उत्तर नाही. मग चौघीजणी तालुक्याच्या गावी गेलो, पोच घेतली. तेव्हापासून एका वेळी एकालाच बोलावतात. सरांनी एकट्यानं अर्ज केला असता तर तो फाइलीत राहिला असता, हे सरांनीच सांगितलं.

डिसेंबरात साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या आल्या. ओढ्याकडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या. भांगलायला जाता-जाता आमच्यातल्या एकीनं पाहिलं, दोन पोरं दिवसभर कोपीपाशी, मोठी नऊएक वर्षांची, कडेवर धाकटं भावंड. बीडकडची माणसं. तिनं शाळेत सांगितलं. सर त्यांच्या आईबापाशी बोलले. पोरगी येते आता, धाकट्याला घेऊन येते. तो पहिलीच्या वर्गात तिच्या मांडीवर झोपतो आणि कुणी काही म्हणत नाही. टोळी उठली की ती जाणार. तिच्या आईनं विचारलं, "आमच्या गावच्या शाळेत हे दिवस धरत्याल का?" सरांनी हजेरीचं लेखी देतो म्हणून सांगितलंय.

आणि पट. वेशीपर्यंत पिवळी व्हॅन येते. तिच्यात आमच्या गल्लीतली सात पोरं जातात. त्यांच्या आयांना मी दोष देत नाही, दोन वर्षांपूर्वी इंग्रजी शाळेचा फॉर्म माझ्याही कपाटात होता. पण २०२३ मध्ये समूह शाळेचं पत्र निघालं, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं, तेव्हापासून मला २७ हा आकडा झोपेत दिसतो. सात पोरं अजून गेली की आपण विसावर. शेजारच्या गावची शाळा तीन किलोमीटर, मधे मोठा रस्ता, उसाच्या ट्रॉल्या. सहा वर्षांचं पोर तिथं चालत जाणार? याच जिल्ह्यात, जावळीत, खिरखंडीच्या पोरी कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढं जंगलातून चालत शाळेला जात होत्या. २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा ते सगळ्यांना कळलं. त्यांच्या जिद्दीचं कौतुक मीही केलं. माझ्या पोरीवर तशी वेळ यावी असं मात्र मला वाटत नाही.

मागच्या शनिवारी सभा झाली. आठजण आले, त्यात पाच बायका, स्वतः. सरांनी वही मधे ठेवली, ठराव मोठ्यानं वाचला, मग सह्या. चार ओळी रिकाम्या राहिल्या. सर म्हणाले, "यांच्या सह्या घरी जाऊन आणायच्या का?" आम्ही नको म्हणालो. रिकाम्या जागेवर सरांनी "गैरहजर" लिहिलं आणि वही कपाटात ठेवली.

त्या चौघांना हे वाचताना कळेलच. पुढची सभा येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, अकरा वाजता. पावसाळ्याआधी मागच्या खोलीची कौलं बघायची आहेत. ज्यांच्या घरी शिडी आहे त्यांनी घेऊन या.