‘काटा मारतात’ या अभिप्रायाबाबत आमचे म्हणणे

सप्रेम नमस्कार.

आमच्या वजन नियंत्रण केंद्राला एक स्टार देऊन आपण जे लिहिले आहे ते मी वाचले. खरे सांगायचे तर चार वेळा वाचले. चार आठवडे उपाशी ठेवले, पाचव्या आठवड्यात वजन उलट वाढले, सगळ्यांसमोर ‘रविवारी काय खाल्ले’ असे विचारून लाज काढली आणि ‘हे लोक काटा मारतात, साडेसहा हजार रुपये पाण्यात गेले’, असा आपल्या तक्रारीचा आशय आहे. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे. इतरांच्या देखत आपले वजन मोठ्याने वाचले गेले ही चूक आमचीच असून तिच्यासाठी मी कोणतीही सबब सांगणार नाही.

मात्र ‘काटा मारतात’ या दोन शब्दांबद्दल मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. उसाच्या काटामारीवरून ज्या जिल्ह्यात दर हंगामात आंदोलने होतात, तिथे हे शब्द किती जड आहेत हे आपल्याला वेगळे सांगायला नको. माझे वडील लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढीवर मापाडी होते आणि त्यांच्या मापाबद्दल कधी कोणी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही. त्याच पेढीवरून सरकारी मोहोर असलेली 20 किलोची दोन लोखंडी वजने आणून मी दर महिन्याला आमचा काटा तपासते. तो 100 ग्रॅमच्या पटीत वजन दाखवतो आणि तपासणीची वही दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते. शिवाय, काटा मारायचाच असता तर मी तो आपले वजन कमी दाखवण्यासाठी मारला असता. वाढलेले वजन दाखवून गिऱ्हाईक घालवण्यात माझा काय फायदा, याचा आपण शांतपणे विचार करावा.

आपली वैयक्तिक नोंद मी इथे उघड करणार नाही. परंतु आरोप जाहीर असल्यामुळे केवळ आवश्यक तेवढे सांगते. पहिल्या चार आठवड्यांत आपले वजन अनुक्रमे 1.3, 0.8, 0.5 आणि 0.3 किलो असे एकूण 2.9 किलो उतरले. पहिल्या पंधरवड्यातला मोठा आकडा पाहून आपण खूश झालात, तेव्हाच मी आपल्याला सांगितले होते की यातला बराचसा भाग पाण्याचा आहे. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी असते. जेवणावर मर्यादा आली की हा साठा आधी खर्ची पडतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. तो उतार पुढेही तसाच राहील असे कोणी मानू नये. वजन उतरत जाते तशी शरीराची गरजही कमी होते, म्हणून वेग मंदावतो आणि एखादा आठवडा तर काटा जागचा हलत नाही.

आता तो पाचवा आठवडा. आमच्याकडे वजन शनिवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत, उपाशीपोटी आणि हलक्या कपड्यांत घेतले जाते, हे पावतीच्या मागे छापलेले आहे. आपण त्या शनिवारी संध्याकाळी सव्वासात वाजता, जीन्स घालून, वाटेत मिसळ खाऊन आलात. मिसळीचे आपणच हसत सांगितले होते, म्हणून लिहिते आहे. आदल्या दिवशी आषाढातला शुक्रवार होता, टेंबलाई देवीची यात्रा होती. गल्लीत यात्रेचे पी ढबाक वाद्य वाजत असताना घरात मटण शिजणार, हे मी कोल्हापुरात जन्मलेली असल्यामुळे मला कोणी समजावण्याची गरज नाही, आणि त्या दिवशी जेवू नका असे मी कोणालाही सांगत नाही. तांबड्या रश्श्यावरचा कट बाजूला काढा आणि पांढरा रस्सा दिसायला सौम्य असला तरी तो नारळाच्या दुधाचा असतो, म्हणून वाटी एकच घ्या, एवढेच माझे सांगणे असते. आपल्या तक्त्यात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, उसळ, अंडी, ताक आणि बुधवार-रविवारी मटणसुद्धा होते. त्याला ‘उपाशी ठेवले’ म्हणणे माझ्या मते बरोबर नाही.

त्या संध्याकाळी काट्याने 1.4 किलो वाढ दाखवली. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे ही सगळी वाढ चरबीची असती तर आपण त्या आठवड्यात रोजच्या गरजेव्यतिरिक्त दहा हजारांहून अधिक कॅलरी खाल्ल्या असत्या, आणि तेवढे आपण खाल्ले असेल असे मीसुद्धा म्हणत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, पोटातल्या अन्नालाही वजन असते, आणि खारट जेवणानंतर शरीर एक-दोन दिवस पाणी धरून ठेवते. त्याच माणसाच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वजनात किलोभराचा फरक सहज पडतो. आपले पैसे पाण्यात गेले की नाही हे बाजूला ठेवू, वाढलेले वजन मात्र बहुतांशी पाण्याचेच होते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या दिवशी पावसाने दारातली फरशी ओली झाल्यामुळे आमच्या मदतनीस मुलीने काटा रबरी मॅटवर ठेवला होता, आणि मऊ पृष्ठभागावर असा काटा अचूक वजन दाखवीलच असे नाही. माझ्या लक्षात येताच मी तो फरशीवर घेऊन आपले वजन पुन्हा केले. फरक 200 ग्रॅमचा निघाला आणि वहीत दुसरीच नोंद धरली. आपण हे पाहिले होते. त्यावरूनच गैरसमज झाला असल्यास तो मी समजू शकते.

परंतु सहाव्या आठवड्यात आपण वेळेवर आलात, वजन 1.6 किलोने उतरले, म्हणजे सुरुवातीपासून 3.1 किलो, आणि कंबरेचा घेर दीड इंचाने कमी भरला. त्याबद्दल आपल्या अभिप्रायात एक अक्षर नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. सातव्या आठवड्यापासून आपण आला नाहीत आणि फोनही उचलला नाहीत. पत्रकावर ‘12 आठवड्यांत 6 ते 8 किलोपर्यंत’ असे लिहिले आहे, त्यातले ‘पर्यंत’ बारीक अक्षरात छापले गेले हे खरे आहे. पुढच्या छपाईत ते सुधारून घेऊ.

आपला अभिप्राय वाचल्याचे सांगून या आठवड्यात दोन जणींनी नाव नोंदवणे रद्द केले. राजारामपुरीतल्या या दोन खोल्यांचे भाडे आणि त्या मुलीचा पगार याच फीमधून निघतो, म्हणून इतके सविस्तर लिहिले. शब्द कुठे तिखट झाला असेल तर माफी असावी. काट्यापाशी पडदा लावण्याचे ठरवले आहे आणि वजन मोठ्याने वाचायचे नाही अशी सूचना मुलीला दिली आहे. इतरही काही सुधारणा विचाराधीन आहेत. पावतीप्रमाणे फी परत होत नाही, तरीही आपले उरलेले सहा आठवडे मी दिवाळीपर्यंत राखून ठेवते. येत्या शनिवारी सकाळी आठच्या आत, चहा न घेता यावे. ती दोन्ही लोखंडी वजने काट्याशेजारी ठेवलेली असतील. आधी ती आपण स्वतःच्या हातांनी काट्यावर ठेवून पाहावीत.

आपली नम्र,
केंद्रचालिका