काउंटीचं दिवाळं आणि फॉरवर्डवाले

नोव्हेंबरची निवडणूक जवळ आली की न्यू जर्सीतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्थतज्ज्ञांचं पीक येतं. "काउंटीचं दिवाळं निघालंय, सगळ्यांना पाठवा!" (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी.) कुठून कळलं? "आतली बातमी." अहो, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर छापलेलं असतं ना, कुणाला किती ते! साधारण निम्मा पैसा शाळांचा, काउंटीचा वाटा त्याहून कितीतरी कमी. पण शिव्या कुणाला? काउंटीचा कारभार बघणाऱ्या, निवडून आलेल्या कमिशनरांना! पुलासाठी बाँड काढले की 'कर्जबाजारी', गंगाजळी राखली की 'पैसा दडवला'. मग करायचं तरी काय त्यांनी? दरवर्षी ऑडिट होतं, बजेट वेबसाइटवर पडलेलं असतं. ते उघडायला हाताला मेंदी लागलीय का? आणि हेच विद्वान मतदानाच्या दिवशी विचारणार, "काउंटीचीपण निवडणूक असते?"