आधी कॉपी, मग चेकडिस्क
'डिस्क संथ झाली की सर्वांत आधी चेकडिस्क /आर चालवा, खराब सेक्टर दुरुस्त होतात' हे संगणकाच्या हार्ड डिस्कवरच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. दुरुस्त कसले होतात! चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्रॅम, त्या खराब सेक्टरांवर (डिस्कवरच्या डेटा ठेवायच्या छोट्या कप्प्यांवर) 'वापरू नका' अशी खूण करते, आणि त्यासाठी अख्खी डिस्क वाचून काढते. आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कला एवढं पळवायचं, तेही आतला डेटा बाहेर काढायच्या आधी?

आमचा सोलापुरात चादरींचा छोटा कारखाना आहे. जॅकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) सगळी डिझाइनं 500 जीबीच्या एका जुन्या डिस्कवर. (बॅकअप नव्हता, बोलणी खाऊन झाली आहेत.) ऐन मे महिन्यात एकेक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली. ओळखीच्या एकानं हाच सल्ला दिला, रात्रभर चेकडिस्क चालू ठेवली आणि सकाळी डिस्क बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्येही, दिसेना. थंड झाल्यावर नशिबानं परत दिसली. मग भाच्यानं लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढणारं सॉफ्टवेअर लावलं. ते अडलेला भाग सोडून आधी चांगला भाग उचलतं, कुठला भाग मिळाला, कुठला राहिला याची मॅपफाइलमध्ये नोंद ठेवतं आणि अडलेल्या सेक्टरांकडे शेवटी वळतं. समोर टेबलफॅन लावून अडीच दिवस चाललं. तीन फायली सोडून सगळं मिळालं.

आणि स्मार्टमधल्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतल्या) 197 क्रमांकाच्या आकड्याचा, म्हणजे वाचता न आल्यानं अडकून पडलेल्या पेंडिंग सेक्टरांच्या संख्येचा, लेखात उल्लेखच नाही. वाचताच न येणारा सेक्टर त्यावर नवं काही लिहिलं की मगच बदलून त्याच्या जागी राखीव सेक्टर घेतला जातो. म्हणजे जुना मजकूर गेलाच ना?