स्क्वॉडमध्ये पोरगं आलं तर

रात्रीचे साडेनऊ. दिवसभर साहेबांनी तुम्हाला झापलेलं आहे, त्यामुळे आता तुम्हालाही कुणाला तरी झापायला हवंच. फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम उघडा, रँडम स्क्वॉड, म्हणजे चार अनोळखी खेळाडूंची टोळी, लावा. चौघांत एखादा न फुटलेला आवाज असतोच. "हॅलो, माझा आवाज येतोय का?" असं तो वर्गात हजेरी दिल्यासारखं विचारेल. मिळालं गिऱ्हाईक.

त्याला "बाळा" म्हणा. लाडानं नव्हे, कंडक्टर ज्या सुरात "पुढे सरका" म्हणतो त्या सुरात. पोरगं नकाशावरच्या जॉर्जोपोल गावाला उतरूया म्हणेल. ऐकू नका. तुम्ही पोचिंकी मार्क करा आणि दोन मिनिटांत आडवे व्हा. यात तुमची चूक नाही, तुमची चूक कधीच नसते. त्यानं कव्हर का दिलं नाही? त्याला एम416 रायफल सापडली आणि तुमच्या हातात नुसता तवा का? बोला, तोंड आहे ना.

एवढं ऐकूनही तो धुराच्या आडोशासाठी स्मोक टाकून येईल, शेजारी बसून तुम्हाला रिव्हाइव्ह करेल, म्हणजे पुन्हा उभं करेल. आभार मानायची घाई नको. "एवढा वेळ कुठे तडमडला होतास?" पुरे. मग त्याचं लेव्हल थ्री हेल्मेट मागून घ्या. विमानातून पडलेली पेटी, एअरड्रॉप, त्यानं शोधली असली तरी आतली एडब्ल्यूएम बंदूक सेवाज्येष्ठतेनंच मिळते, सरकारी क्वार्टरसारखी.

आता शिव्या. 2021 साली हा गेम भारतात आला तेव्हा मुलांची केवढी काळजी घेतली होती! रक्त हिरवं केलं, 'किल' काढून 'फिनिश' लिहिलं. पडदा असा धुऊनपुसून घेतला आणि माइक आपल्यावर सोपवला. या विश्वासाला जागा. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सुविचार टाकून झालेलाच आहे, त्यामुळे रात्री पोराच्या आईपासून सुरुवात करायला हरकत नाही.

मध्येच वय विचारा. अकरा म्हणाला तर "आईबापांनी फोन दिलाच कसा?" यावर छोटंसं भाषण द्या. अठराच्या आतल्यांना दिवसाला 3 तासच, तेही पालकांच्या ओटीपीनं, असा नियम आहे, तोही ऐकवा. बिचारा बहुधा बापाच्याच फोनवर, बापाच्याच वयानं खेळत असतो. तुमचं स्वतःचं पोरगं या क्षणी आतल्या खोलीत कुठल्या काकांच्या स्क्वॉडमध्ये आहे, हे बघायला मात्र उठू नका. झोन, म्हणजे खेळायचं वर्तुळ, आवळत येतोय.

पुढचा धडा मुरलेल्या मंडळींसाठी. पोराशी आठवडाभर गोड बोला, फ्रेंड लिस्टमध्ये घ्या, मग सांगा: "आयडी-पासवर्ड दे, यूसी भरून देतो." (यूसी म्हणजे गेममधलं चलन.) तो देईल, मोठ्या माणसावर विश्वास ठेवावा असं त्याला शाळेतच शिकवलेलं असतं. आयडी गेला की दोन दिवस पांघरुणात रडेल, पण घरी चकार शब्द काढणार नाही. काढला तर फोन जाईल, वर कानाखाली बसेल ती वेगळीच. एवढी भक्कम व्यवस्था आपण मोठ्यांनीच घराघरांत करून ठेवली आहे. तिचा लाभ घ्यायला लाजायचं कशाला?

शेवटच्या छोट्या वर्तुळात स्क्वॉडमधले तुम्ही दोघंच उराल. तो झाडामागे, तुम्ही त्याच्या मागे. समोरून गोळ्या आल्या की "पुढे जा रे, बघ किती जण आहेत" असं म्हणून त्याला पाठवा. तो जाईल. तो पडला की तुम्ही गवतात गप पडून राहा, त्याला उठवायला जाऊ नका. रँक महत्त्वाची.

नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरातून येईल, "अहो, कितीदा हाक मारायची? कचरा खाली नेताय की मी नेऊ? आणि त्या पोरांशी काय भांडत बसलाय, घोड्यासारखे वाढलात!"

गवतात शांतता पसरेल. मग तोच न फुटलेला आवाज, अगदी हळू: "काका, तुमचा माइक चालू आहे."