‘अर्ध्या तासात सगळं एका फीडमध्ये’ म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांत एक दावा जोरात फिरतोय. सारांश असा: तुमचं फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, ब्लॉग एका फीडमध्ये ओढणारं टूल कुणीही अर्ध्या तासात बनवू शकतो, पासवर्ड टाकून एकदा जोडलं की जन्मभर चालतं, आणि सगळं आधीच पब्लिक असल्यामुळे भ्यायचं कारण नाही. एकेक मुद्दा घेऊ.

अर्धा तास. ब्लॉग आणि यूट्यूबपुरतं हे खरंच आहे. वर्डप्रेसच्या साइटला आरएसएस फीड (नव्या पोस्टची आपोआप बनणारी यादी, जी दुसरं टूल वाचू शकतं) तयारच असते, यूट्यूब चॅनेललाही असते. फक्त यूट्यूबची फीड शेवटचे १५ व्हिडिओच देते. भजनी मंडळाची जुनी रेकॉर्डिंग तीत यायची नाहीत. खरी कटकट पुढे आहे. वेळा बहुतेक ठिकाणी यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, येतात. १ नोव्हेंबरला पहाटे पाचला टाकलेली काळ्या दिनाची पोस्ट साडेपाच तास न मिळवल्यास ३१ ऑक्टोबरच्या रात्री साडेअकराला जाऊन बसते. कडोलीच्या साहित्य संमेलनात वाचलेली एकच कविता ब्लॉगवर, फेसबुकवर आणि व्हिडिओत असली की फीडमध्ये तीनदा दिसते. तिघांचे आयडी वेगळे, मग एकच कविता आहे हे यंत्राला कोण सांगणार?

फेसबुकचं तर विचारूच नका. २०१८ च्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणानंतर (एका ॲपमधून लोकांची फेसबुकवरची माहिती त्यांना न कळता बाहेर गेली होती) बाहेरच्या ॲपना मिळणारी माहिती बरीच आवळली गेली. वैयक्तिक प्रोफाइलवरच्या पोस्ट ओढायच्या तर कंपनीकडून ॲपची तपासणी करून घ्यावी लागते. इन्स्टाग्रामच्या साध्या खात्यांसाठीचा एपीआय (बाहेरच्या टूलला माहिती देणारा कंपनीचा अधिकृत दरवाजा) डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. आता खातं बिझनेस किंवा क्रिएटर प्रकारचं लागतं. आडवाट म्हणून फेसबुकमधून आपलीच माहिती डाउनलोड करता येते, पण जेसन फाइल (यंत्राला वाचायला सोपा असा माहितीचा प्रकार) घेतलीत तर मराठीचा पार चुराडा झालेला दिसतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत ‘म’ तीन बाइटांचा. ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून लिहिलेले असतात. कन्नड मजकुराचीही तीच गत. मजकूर लॅटिन-१ या एका अक्षराला एकच बाइट देणाऱ्या जुन्या पद्धतीने परत बाइटांत बदलून यूटीएफ-८ म्हणून वाचला की अक्षरं जागेवर येतात. ही एक ओळ माहीत नसेल तर त्या अर्ध्या तासाची संध्याकाळ होते बघा.

पासवर्ड? मुळीच नाही. धड बनवलेलं टूल तुम्हाला त्या त्या कंपनीच्या पानावर पाठवून परवानगी घेतं आणि ती परवानगी तुम्ही केव्हाही काढून घेऊ शकता. स्वतःच्या पानावर फेसबुकचा पासवर्ड मागणारं टूल पाहिलंत की तिथूनच परत फिरा.

जन्मभर चालतं म्हणणाऱ्यांनी फ्रेंडफीडचं काय झालं ते पाहावं. हेच काम करणारी ती सेवा २००७ मध्ये आली, २००९ मध्ये फेसबुकने विकत घेतली, २०१५ मध्ये बंद पडली. ट्विटरचा फुकट एपीआय २०२३ मध्ये गेला आणि त्यावर उभी असलेली कितीतरी छोटी टूल्स आडवी झाली. फीड टिकते ती स्रोत देत राहील तोवर.

सगळं पब्लिकच आहे, हा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. टिळकवाडीत राहणारा शिक्षक टोपणनावाने कविता टाकतो, शाळेचे फोटो दुसऱ्या खात्यावर, पहाटेच्या धावण्याचा नकाशा तिसरीकडे. प्रत्येक गोष्ट उघडीच आहे, पण एका ओळीत लावली की टोपणनाव गळून पडतं आणि तो किती वाजता कुठल्या रस्त्यावर असतो हेही कळतं. माणसाने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे, त्यामुळे तो कायदा इथे आडवा येईल अशी आशा नको. म्हणून दुसऱ्याची फीड त्याला न विचारता जोडून देणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. स्वतःची हवी असेल तर ब्लॉग आणि यूट्यूबपासून सुरू करा, धावण्याचा नकाशा वगळा, आणि फेसबुकच्या वाटेला शेवटी जा.